कॉम्बॅट आर्चरी: हेल्मेटच्या आत सेफ्टी चष्मा पुरेसा आहे का? आणि बाणांची तपासणी कशी होते?

पिट्सबर्गकर

मंडळी, एससीएवाले कुणी आहेत का इथे? येत्या उन्हाळ्यात पेन्सिकला कॉम्बॅट आर्चरीत उतरायचा बेत आहे. टार्गेटवर बाण मारायची सवय आहे, पण समोरचाही आपल्यावर बाण सोडतोय हा मामला वेगळाच.

(ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एससीए म्हणजे १९६६ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला सुरू झालेली, मध्ययुगीन युरोपचं जगणं आणि लढणं हौसेनं उभं करणारी संस्था. वेताच्या तलवारी, खरीखुरी चिलखतं आणि बोथट तोंडाचे बाण. पेन्सिक हा त्यांचा पेनसिल्व्हेनियातला मोठा मेळावा, जुलैअखेरीस सुरू होऊन ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालणारा.)

मला उणे साडेचारचा चष्मा आहे. जुनं हेल्मेट मिळतंय, समोर आडव्या सळ्यांचं ग्रिल. एकाचं म्हणणं असं की आत पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी चष्मा घातला की ग्रिलच्या फटी थोड्या मोठ्या असल्या तरी बिघडत नाही. दुसरा म्हणतो, कशाला एवढं लोखंड, फेन्सिंगचा मास्क घाल. कुणाचं ऐकू?

शिवाय बाण घरी बनवायचे आहेत. मार्शल (मैदानावरचा सुरक्षा-पंच) नेमकं काय बघतो? बाणाच्या मागच्या टोकालाही टोपण लागतं म्हणतात, ते कशासाठी? बाण तर पुढच्या बाजूने लागतो ना?

ग्रिलमास्तर

दोघांचंही ऐकू नका. का ते आकड्यांत सांगतो, म्हणजे पुन्हा कुणी हेच सुचवलं तर तुम्हालाच उत्तर देता येईल.

एससीएत हाताच्या धनुष्याला २८ इंच ओढीवर ३० पौंडांची मर्यादा आहे. एवढ्या धनुष्यात साधारण ३५ जूल ऊर्जा साठते आणि जड बोथट बाणात त्यातली २० जूलच्या आसपास उतरते. बाण ७० ग्रॅमचा धरला तर वेग येतो सेकंदाला २४ मीटर. आता चष्म्यावरचा झेड८७+ हा अमेरिकन सुरक्षा-मानकाचा शिक्का काय हमी देतो ते बघा. एका चाचणीत पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला ४५.७ मीटर वेगाने मारतात. गोळीचं वजन जेमतेम १ ग्रॅम, म्हणजे १.१ जूल. दुसऱ्या चाचणीत ५०० ग्रॅमचं टोकदार वजन १२७ सेंमीवरून पाडतात, ते ६.२ जूल. युरोपच्या ईएन १६६ या जुन्या मानकातला 'बी' दर्जासुद्धा ६.२ जूलचाच, सगळ्यांत वरचा 'ए' दर्जा साडेपंधरा जूलचा, आणि तो पूर्ण चेहरा झाकणाऱ्या शील्डना मिळायचा, चष्म्यांना नाही. तुलनेसाठी, पेंटबॉलची गोळी साधारण ११ जूलची असते आणि तिथेही साधा चष्मा घालून कुणी मैदानात येऊ देत नाही, एएसटीएम एफ१७७६ या पेंटबॉलच्या मानकाचा मास्कच लागतो.

म्हणजे बाण चष्म्यापर्यंत पोचला तर खेळ आधीच हातचा गेलेला असतो. भिंग फुटलं नाही तरी फ्रेम मागे दाबून भुवईच्या हाडात आणि नाकात घुसते. डोळा वाचवायचं काम ग्रिलचं. चष्म्याचं काम त्याच्या मागे राहून चिरफळ्या, टेपचे तुकडे, धूळ अडवण्याचं.

ग्रिलचे नियम: सळी कमीत कमी ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिमी जाडीची पोलादी. दोन सळ्यांमधून १ इंच व्यासाचा दांडका आत जाता कामा नये. मार्शल तपासणीला असा दांडका घेऊनच येतो. ग्रिल हनुवटीच्या आणि जबड्याच्या रेषेखाली निदान १ इंच उतरलं पाहिजे, मान सरळ ठेवून मोजायचं. कवटीचा पत्रा १६ गेजचा, आत अर्धा इंच क्लोज्ड-सेल फोम किंवा तशीच गादी, आणि हनुवटीचा पट्टा अर्धा इंच रुंद. पट्टा नसला की कपाळावर बसलेल्या फटक्याने हेल्मेट मागे झुकतं आणि ग्रिलची खालची कड थेट डोळ्यासमोर येते. जुन्या हेल्मेटमध्ये हा पट्टा हमखास तुटलेला किंवा गायब असतो.

जुनं घेताना आणखी तीन गोष्टी. सळ्यांची टोकं जिथे वेल्ड केलीत तिथे नख फिरवा, केसासारखी भेग असेल तर नख अडतं. मधली सळी अंगठ्यांनी दाबून बघा; लवत असेल तर दांडका अडला तरी उपयोग नाही, फटका बसल्यावर फट रुंदावेल. आणि हेल्मेट घालून ग्रिलपासून नाकापर्यंतचं अंतर बघा. बाणाचं फोमचं किंवा रबराचं डोकं आदळताना फुगतं आणि फटीतून आत डोकावतं. चष्म्याचं भिंग सळीला जवळजवळ टेकत असेल तर ते हेल्मेट तुमच्या कामाचं नाही, कितीही स्वस्त मिळो.

फेन्सिंग मास्कची जाळी डोळ्यापुरती उत्तम, पण डोक्याची मागची बाजू उघडी आणि कवटीवर पत्रा नाही. त्याच मैदानात वेताच्या जाड तलवारी पूर्ण ताकदीने चालतात. मार्शल मास्क बघूनच परत पाठवेल.

शरसंधान

ग्रिलमास्तरांनी हेल्मेटची बाजू सांगितली, मी बाणाची सांगतो. नियम समजून घ्यायचे तर एकच हिशोब डोक्यात ठेवा: बाणाचं सगळ्यांत बारीक टोक आणि ग्रिलची सगळ्यांत मोठी फट. पहिलं दुसऱ्यापेक्षा मोठंच पाहिजे.

पुढच्या डोक्याचा व्यास कमीत कमी सव्वा इंच, म्हणजे ३२ मिमी. फट २५ मिमी, त्यामुळे ते अडतं. पण गंमत बघा: डोळ्याच्या खोबणीचं तोंड प्रौढ माणसात साधारण ४० मिमी रुंद आणि ३५ मिमी उंच असतं. म्हणजे सव्वा इंची डोकं उघड्या चेहऱ्यावर बसलं तर सरळ खोबणीत मावतं. ग्रिल नसेल तर हा 'बोथट' बाण डोळ्यापुरता बोथट नाहीच. म्हणून लार्पमध्ये (पात्र बनून खेळायच्या लुटुपुटूच्या लढायांत), जिथे चेहरे उघडे असतात, तिथे बाणाचं फोमचं डोकं ५० मिमीच्या पुढचं असतं. लार्पचे बाण आणि एससीएचे बाण एकमेकांच्या मैदानावर चालत नाहीत त्याचं हेही एक कारण.

आता मागचं टोक. पाव इंची फायबरग्लास दांडी आणि तिची प्रत्यंचा अडकवायची खाच धरून ६ ते ८ मिमी. एक इंची फटीतून ती आरामात आत जाते. बाण ढालीवर आपटून उलटा फिरतो, हवेत कोलांटी खातो, जमिनीवर डोकं टेकून उभा राहतो आणि त्याच क्षणी कुणीतरी त्यावर तोंडघशी पडतं. मारामारीत माणसं पडतात, खूप पडतात. म्हणून खाचेजवळ फटीपेक्षा मोठं टोपण किंवा चकती बसवतात. मैदानावर त्याला एपीडी म्हणतात. ते नुसतं सरकवलेलं चालत नाही. हाताने जोरात ओढलं, पिळलं, तरी जागचं हलायला नको. क्रॉसबोसाठी जे जाड प्लॅस्टिक नळीचे बोल्ट (आखूड बाण) असतात ते मुळातच जाड असल्याने त्यांना एपीडी लागत नाही.

बनवायची पद्धत:

दांडी भरीव फायबरग्लासची. कार्बन आणि अॅल्युमिनियम नको. कार्बन फुटला की सुईसारख्या चिरफळ्या होतात, अॅल्युमिनियम वाकून दुमडतं आणि मोडलेली कड पात्यासारखी होते. लांबी २८ इंचांपुढे ठेवू नका. दांडी लांब असेल तर उत्साहात माणूस जास्त ओढतो, आणि अशा धनुष्यात प्रत्येक जादा इंचामागे दीड-दोन पौंड वाढतात. २८ इंची दांडीवर मोठं डोकं धनुष्याच्या पाठीला अडलं की ओढ तिथेच थांबते.

कापताना मास्क आणि हातमोजे घाला, फायबरग्लासची भुकटी कातडीत रुतून बसते. कापलेली दोन्ही टोकं पॉलिश पेपरने गोल करा. नंतर दांडीवर लांबीच्या दिशेने धाग्यांची स्ट्रॅपिंग टेप लावा, पूर्ण दांडी झाकली जाईल अशी. टेप मजबुतीसाठी नाही. दांडी मोडली तर तुकडे आणि चिरफळ्या एकत्र धरून ठेवण्यासाठी आहे. त्यामुळे गोल गोल गुंडाळलेली टेप चालत नाही, तिचे धागे मोडीला आडवे जात नाहीत.

डोक्यासाठी बाल्डरसारखे तयार ब्लंट (बोथट रबरी डोकी) घ्या, पहिल्या खेपेला स्वतः फोम कोरत बसू नका. घरगुती डोक्यात नेहमी एकच बिघाड होतो: दांडी फोममधून हळूहळू पुढे सरकते. वरून सगळं ठीक दिसतं आणि आत दांडीचं टोक पृष्ठभागापासून दोन-तीन मिमीवर आलेलं असतं. अंगठा डोक्याच्या मधोमध ठेवून जोरात दाबा. टणक ठिपका लागला तर बाण बाद. ब्लंट बसवल्यावर टेपच्या पट्ट्या डोक्याच्या बाजूंवरून खाली दांडीवर आणा आणि शेवटी दांडीवर दोन वेढे द्या.

पिसं ऐच्छिक आहेत. लावलीत तर पिसाच्या दांड्याचं पुढचं टोक गोंदाच्या थेंबाने झाका, नाहीतर बाण सुटताना हातात शिरतं. बाणावर नाव आणि राज्य (एससीए आपल्या प्रादेशिक विभागांना 'किंगडम' म्हणते, ते) लिहा.

पिट्सबर्गकर

बाप रे, भरपूर माहिती. धन्यवाद दोघांना. तपासणी झाली की तो बाण दिवसभर चालतो का? आणि ग्रिलच्या आत बारीक जाळी लावली तर?

शरसंधान

नाही, एकदा सुटलेला बाण पुन्हा तपासल्याशिवाय सोडायचा नाही. जमिनीवरून उचलून लगेच खाचेत, हे मैदानावर चालत नाही. तपासणीला एका बाणामागे दहा सेकंद लागतात: दांडी हलकी वाकवून गोल फिरवा आणि कान द्या, आत मोड असेल तर चर्रर आवाज येतो. डोकं पिळा. अंगठा दाबा. एपीडी ओढा. खाचेला चीर आहे का बघा, कारण खाच फुटली की प्रत्यंचा सुटते आणि धनुष्य रिकामं सुटल्यासारखा झटका खातं. रबरी डोकी उन्हात वर्षभर राहिली की कडक होतात, वाकवल्यावर बारीक भेगा दिसतात. अशी डोकी सरळ फेकून द्या, टेप मारून वाचवू नका.

जाळीबद्दल: फट ६ मिमीच्या आत आणलीत तर एपीडी निघालेली दांडीही आत येणार नाही. छिद्रांचा पोलादी पत्रा सळ्यांच्या मागून रिव्हेट करतात. तारेची जाळी वापरलीत तर कडा दुमडून घ्या. बाजारात मिळणारे तारेच्या जाळीचे एअरसॉफ्ट गॉगल मात्र यासाठी नकोत. जाळी फटक्याने आत दबते आणि डोळा तिच्या मागे लगेच असतो.

टेम्सकाठी

इंग्लंडकडची रीत थोडी वेगळी, म्हणून लिहितो. ट्यूक्सबरीसारख्या, जुनी लढाई पुन्हा उभी करणाऱ्या प्रयोगांत (मूळ लढाई ४ मे १४७१ ची) लाकडी दांडीचे, रबरी डोक्याचे बाण असतात, धनुष्य हलकं आणि ओढ अर्धवट. बऱ्याच सैनिकांचे चेहरे उघडे असतात कारण त्या काळातली शिरस्त्राणं तशीच होती, ग्रिल लावलं तर प्रयोगाचा बट्ट्याबोळ. म्हणून इथे सगळी मदार सोडण्याच्या पद्धतीवर: बाण उंच कमानीने सोडायचा, समोरून सपाट कधीच नाही. वरून येणारा बाण वेग हरवून येतो, त्यामुळे धोका कमी. 'बाण!' अशी आरोळी झाली की पायदळाने हनुवटी छातीला लावायची.

ही युक्ती जुनीच आहे. अॅजिनकोर्टला, १४१५ साली, फ्रेंच सरदार बाणांच्या माऱ्यात मान खाली घालून चालले, कारण बाण व्हायझरच्या (शिरस्त्राणाच्या चेहऱ्यावरच्या झडपेच्या) फटीत शिरायचे. आणि तो इंग्रज राजा पाचवा हेन्री, त्याला स्वतःला १४०३ साली श्रूजबरीला सोळाव्या वर्षी चेहऱ्यात बाण लागलेला. फाळ सहा इंच आत रुतून बसला होता. जॉन ब्रॅडमोर नावाच्या शल्यविशारदाने त्यासाठी स्क्रूचा खास चिमटा बनवून तो काढला आणि जखमेत मध भरला.

ग्रिलमास्तर

टेम्सकाठी, इतिहास झकास, पण 'वेग हरवून येतो' हे पटत नाही. हवेचा विरोध सोडला तर बाण ज्या वेगाने सुटला त्याच वेगाने खाली येतो. जड, जाड डोक्याच्या बाणाचा थोडा वेग कमी होतो, एवढंच. कमानीचा खरा फायदा दोन ठिकाणी. एक, बाण डोक्यावर, खांद्यावर पडतो, चेहऱ्यावर नाही. दोन, वेळ मिळतो. सेकंदाला २४ मीटर वेगाने ६० अंशांत सोडलेला बाण चार सेकंदांहून जास्त हवेत राहतो. तोच ३० मीटरवरून सपाट मारला तर सव्वा सेकंदात तोंडावर. हे दोन्ही फायदे एका चुकीने जातात: वर बघितलं की. वर बघणारा चेहरा खाली येणाऱ्या बाणाला बरोबर काटकोनात मिळतो. त्यामुळे उघड्या चेहऱ्याच्या प्रयोगात मी अर्धवट ओढीला कमानीपेक्षा जास्त महत्त्व देईन. ओढ दोन तृतीयांश केली तर ऊर्जा निम्म्याच्या खाली येते.

टेम्सकाठी

हिशोब मान्य. अर्धवट ओढ इथे सक्तीची असते ती याचसाठी, आणि नव्या धनुर्धराला तीच जमत नाही. घोटवून घ्यावी लागते. फक्त एक भर घालतो: लाकडी दांडीत रेषे तिरपे धावत असतील तर ती टाकाऊ. तिरपी मोडली की टोकदार भाला तयार होतो.

बुबुळ

डोळ्यांच्या बाजूने थोडं.

पिट्सबर्गकर, उणे साडेचारला पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सची भिंगंच घ्या. काचेची तर मुळीच नकोत आणि साधं सीआर-३९ प्लॅस्टिकही नको. फ्रेम रिमलेस नको. भिंग पुढून पडेल अशी नव्हे, आतल्या बाजूला कड असलेली हवी, आणि धातूची नाकपट्टी नको. हेल्मेटच्या गादीत चष्म्याच्या काड्या अडकतात, म्हणून मागून इलॅस्टिक पट्टा असलेला स्पोर्ट्स गॉगल सोयीचा. कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पण त्या संरक्षण देत नाहीत आणि पेन्सिकच्या धुळीत त्रास देतात. लेन्स घातलीत तर वरून बिननंबरचा सेफ्टी गॉगल घालाच.

लघुदृष्टीच्या डोळ्यात दृष्टिपटल सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. मोसमाआधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. कडेला पातळ भाग किंवा छिद्र सापडलं तर डॉक्टरांशी बोलूनच मैदानात उतरा.

डोळ्याला मार लागलाच तर: चोळायचं नाही, दाबायचं नाही, बर्फाची पिशवी बुबुळावर ठेवायची नाही. डोळ्याचा गोळा फाटल्याची शंका असली (बाहुली वेडीवाकडी, आतून काही बाहेर आल्यासारखं दिसणं, पाण्यासारखा स्राव, एकदम दिसेनासं होणं) तर पाण्याने धुवायचंही नाही, थेंब घालायचे नाहीत. कागदी कपाचा तळ कापून डोळ्यावर असा बसवा की कड फक्त हाडावर टेकेल, आणि टेप लावा. काही रुतलं असेल तर तसंच ठेवा. खाऊ-पिऊ घालू नका, शस्त्रक्रिया लागू शकते. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन नको, आत रक्तस्राव असेल तर वाढतो. बसवून, डोकं वर ठेवून रुग्णालयात.

बुबुळासमोर लाल पातळी दिसली तर आत रक्त साठलंय. दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. आणि मार लागल्यावर पुढच्या काही आठवड्यांत विजा चमकल्यासारखं, काळे ठिपके किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं वाटलं तर थांबू नका.

शरसंधान

हेमूची आठवण झाली, पानिपत १५५६. डोळ्यात एक बाण आणि लढाईचा निकाल फिरला. असो.

मैदानावरच्या वागण्याचं कुणी लिहिलं नाही, ते पटकन. 'होल्ड' हा शब्द कुणीही ओरडू शकतं, अगदी प्रेक्षकसुद्धा, आणि ऐकताच सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. धनुर्धराने खाचेतला बाण उतरवायचा; ताणून धरलेलं धनुष्य घेऊन 'होल्ड' पाळला असं होत नाही. बाण वेचताना हेल्मेट डोक्यावरच. मार्शल मैदान मोकळं जाहीर करेपर्यंत ग्रिल उचलायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही; बाटलीला नळी लावून घ्या. धनुष्याने किंवा बाणाने तलवारीचा वार अडवायचा नाही. धनुष्य रिकामं सोडायचं नाही. दूरवर मारताना पाठीमागे कोण उभं आहे ते बघा, कारण कडेला उभ्या माणसांच्या तोंडावर ग्रिल नसतं.

क्रॉसबो घेणार असाल तर तिथे पौंड नाही, इंच-पौंडांचा हिशोब, मर्यादा ६०० ची. ओढीचे पौंड गुणिले प्रत्यंचेचा प्रवास, म्हणजे न ताणलेल्या जागेपासून ती ताणून अडकवायच्या खटक्यापर्यंतचं अंतर इंचांत. प्रवास १० इंच असेल तर ६० पौंड. आखूड असेल तर पौंड जास्त चालतात.

पिट्सबर्गकर

त्या हेल्मेटची दोन वेल्ड नखाला अडली. सोडून दिलं, दुसरं बघतोय. शेवटची शंका: ऑगस्टच्या दमट हवेत आतला गॉगल धुरकटला तर? ग्रिल उघडता येत नाही म्हणताय.

ग्रिलमास्तर

वरून आणि खालून हवेची फट असलेला गॉगल घ्या, भिंग दुपदरी असेल तर उत्तम. नसेल तर भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब आतल्या बाजूला पुसून कोरड्या मऊ कापडाने चमकवा, तासभर टिकतं. अमोनियावाला काच-क्लीनर, अॅसिटोन, पेट्रोल यांना पॉलिकार्बोनेटजवळ येऊ देऊ नका. भिंगात न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि पहिल्याच फटक्याला ते तडकतं. घामाचा पट्टा कपाळावर बांधा, भुवईवर नाही. आणि नवं हेल्मेट आलं की सळ्यांची आतली बाजू काळ्या मॅट रंगाने रंगवा, उन्हात सळ्या चमकून डोळ्यांवर येत नाहीत. रंगाचा फवारा मारताना गॉगल आत ठेवू नका, त्यातलं थिनरही भिंग खातं.